वरसईचे विष्णुभट गोडसे

आंबिवलीच्या स्टेशनावरून उत्तरेकडे धांवणाऱ्या आगगाड्या आम्ही नित्य पाहतों. आज ग्वाल्हेरीस पोंचण्यास एक दिवस पुरतो. परंतु हाच पल्ला पायांनीं तुडवीत गेलेला एक गरीब भिक्षुक आमच्याच कोंकणांत होऊन गेला, हें आम्हां विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

विष्णुभटांचा जन्म 1827 सालीं पेणजवळील वरसई गांवीं झाला. घरीं वेदविद्या होती, द्रव्य मात्र नव्हतें. त्यांतच कर्जाचा भार. इतक्यांत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून विद्वानांस भरपूर दक्षिणा मिळणार, अशी वार्ता आली. तीस वर्षांच्या विष्णुभटांनीं वृद्ध आईबापांचा जड अंतःकरणानें निरोप घेतला व 1857 च्या मार्चमध्यें चुलते रामभट यांजबरोबर प्रस्थान ठेविलें.

पुण्यावरून पुढें घाट, रानें व सातपुड्याच्या रांगा ओलांडीत ते महूच्या छावणीजवळ आले. तेथें शिपायांकडून त्यांस कळलें कीं, लवकरच इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव होणार आहे. मागें फिरावें, तर रिकाम्या हातांनीं कर्जाच्या दारीं जावयाचें. पुढें जावें, तर प्राणांशीं गांठ! त्यांनीं पुढचीच वाट धरिली. उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर असें करीत ते झांशीस पोंचले. दक्षिणेची मूळ आशा मावळली होती. पण राणी लक्ष्मीबाईंच्या नगरींत त्यांस आश्रय मिळाला.

पुढें 1858 च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोज यांनीं झांशीस वेढा दिला व एप्रिलच्या 3 तारखेस शहरांत शिरकाव केला. मग लूट, जाळपोळ व कत्तल यांनीं शहराचें स्मशान झालें. चुलत्यापुतण्यांनीं लपून जीव वांचविला; परंतु महत्प्रयासानें गांठीस बांधलेलें द्रव्य लुटारूंनीं हिरावून नेलें. ज्यासाठीं घर सोडिलें, तेंच गेलें!

तेथून बाहेर पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांस राणी पुन्हां दिसल्या. पुरुषी वेष, अंग धुळीनें माखलेलें, तहानेनें जीव व्याकूळ. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढें झाले, तों त्यांस थांबवून राणींनीं स्वतःच्या हातांनीं पाणी काढिलें. राजवैभव हरपलें तरी थोरपण हरपत नाहीं, याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

यानंतर चित्रकूट, अयोध्या, काशी अशीं क्षेत्रें त्यांनीं पायींच केलीं. काशीहून निघतांना त्यांनीं गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली. ज्या देशीं प्रत्येक अनोळखी वाटसरूचा संशय घेतला जात होता, तेथून ही कावड शेंकडों मैल सांभाळीत आणणें कांहीं सोपें नव्हे. दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर ते वरसईस परतले, तेव्हां आईबापांस त्या गंगाजलानें स्नान घालण्याचें भाग्य त्यांस लाभलें. धन आणितां आलें नाहीं. पुत्रधर्म मात्र पुरा झाला.

ही सर्व हकीकत कदाचित् त्यांजबरोबरच लुप्त झाली असती. परंतु आमच्या शेजारच्या कल्याणांत जन्मलेले पंडित चिंतामण विनायक वैद्य यांनीं आग्रह धरिला, व विष्णुभटांनीं 1883 च्या सुमारास ती लिहून काढिली. सरकारच्या रोषाचें भय असल्यामुळें ती अनेक वर्षें पेटींतच राहिली. विष्णुभटांच्या मृत्यूनंतर, 1907 सालीं, वैद्यांनीं कांहीं फेरफार करून ती ‘माझा प्रवास’ या नांवानें छापिली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदार यांनीं 1966 सालीं प्रसिद्ध केली.

सत्तावनचा इतिहास लिहिणारे बहुतेक सेनापति व अंमलदार होते. त्या वणव्यांतून अनवाणी चालत गेलेल्या सामान्य माणसाचा वृत्तांत मराठींत आहे, याचा आम्हांस अभिमान वाटला पाहिजे. दक्षिणा लुटली गेली. पण डोळे उघडे ठेवून जें पाहिलें, तें कोणासही लुटतां आलें नाहीं. आम्हीही जेथें जाऊं, तेथें असेच डोळे उघडे ठेवूं या.