आकाशाचा पहारेकरी

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या शिवारात उभे राहून पावसाळ्यातील आकाशाकडे पाहिले, तर कधी कधी ढगांआडून विमानाची घरघर ऐकू येते. पण विमान दिसत नाही. दूरच्या नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याला मात्र ते पडद्यावर दिसत असते. ते किती दूर आहे, कोणत्या दिशेला चालले आहे, हे त्याला क्षणोक्षणी कळते. ही किमया ज्या यंत्राने प्रथम साधली, त्याला रडार म्हणतात. रडारच्या घडणीत ज्यांचा वाटा फार मोठा, ते शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट वॉटसन-वॅट.

रॉबर्ट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ब्रेचिन या लहानशा गावी एका सुताराच्या घरी झाला. डंडी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१५ साली ते ब्रिटनच्या हवामान खात्यात दाखल झाले. त्या काळची विमाने लाकडाची व कापडाची असत. वादळाने गाठले, की वैमानिकाच्या प्राणावरच बेतत असे. वीज चमकते तेव्हा रेडिओलहरीही उत्पन्न होतात. त्या पकडून वादळाची दिशा आधीच ओळखावी, या ध्यासाने रॉबर्ट यांनी अनेक वर्षे खर्ची घातली.

१९३५ साल उजाडले. युरोपवर युद्धाचे सावट पसरू लागले होते. शत्रूची विमाने येत आहेत, हे कळण्यास डोळे व कान यांवाचून फारसे साधन नव्हते. दुरूनच वैमानिकाला ठार करील असा रेडिओकिरण तयार होईल काय, अशी विचारणा सरकारने रॉबर्ट यांच्याकडे केली. त्यांनी आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांना गणित मांडावयास सांगितले. त्यासाठी लागणारी प्रचंड शक्ती निर्माण करणे अशक्य आहे, असे उत्तर आले.

दुसरा कोणी असता, तर नकार कळवून मोकळा झाला असता. परंतु मग आपण देशाला कोणते साहाय्य करू शकतो, याचा रॉबर्ट विचार करू लागले. तेव्हा विल्किन्स यांना एक जुनी नोंद आठवली. जवळून विमान गेले, की रेडिओसंदेशात चलबिचल होते, असे टपाल खात्यातील अभियंत्यांना आढळले होते. म्हणजेच लहरी विमानावर आदळून परत फिरत होत्या! डोंगरासमोर हाक मारली, की प्रतिध्वनी येतो, तसाच हा प्रकार. लहरींनी विमान पाडता येणार नाही. पण ते शोधता येईल!

प्रत्यक्ष पुराव्यावाचून पैसा देण्यास अधिकारी तयार नव्हते. म्हणून २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथील रेडिओकेंद्राजवळच्या एका शेतात गाडीत यंत्र मांडून परीक्षा घेण्यात आली. ठरल्याप्रमाणे एक बाँबफेकी विमान आकाशात घिरट्या घालू लागले. सर्वांचे डोळे यंत्राच्या काचेवर खिळले होते. विमान जवळ आले आणि काचेवरील हिरवी रेघ लांबू लागली! सुमारे तेरा किलोमीटरपर्यंत विमानाचा माग लागला.

मग कामाला वेग आला. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात परत आली, तर विमान १५० किलोमीटरवर आहे, हे कळते. एवढा सूक्ष्म काळ मोजणारी यंत्रे सिद्ध झाली. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, तोवर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची रांग उभी राहिली होती. १९४० साली जर्मन विमानांच्या झुंडी चालून आल्या, तेव्हा त्यांची वार्ता आधीच पोहोचलेली असे. त्यामुळे थोड्या विमानांनिशी मोठ्या आक्रमणाला तोंड देता आले. १९४२ साली रॉबर्ट यांना सर हा किताब मिळाला.

अन्य देशांतील शास्त्रज्ञही याच वाटेने शोध घेत होते. रॉबर्ट यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी मिळालेली कल्पना तडीस नेली. पुढे कॅनडात वेगाने मोटार चालविताना त्यांनाच पोलिसांच्या रडारने पकडले, आणि या फजितीवर त्यांनी स्वतःच विनोदी कविता रचली! ५ डिसेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

युद्धासाठी जन्मलेले रडार शांततेच्या काळात प्रवाशांचे रक्षक झाले. धुक्यात, पावसात, काळोखात ते विमानांना वाट दाखवू लागले. आज त्याच्या जोडीला उपग्रहही आले आहेत. मारण्याचे साधन मागितले असता ज्यांनी पाहण्याचे साधन दिले, त्या शास्त्रज्ञांचे ऋण ढगांआडची घरघर ऐकताना आपण अवश्य स्मरावे.