मलिक अंबर : दौलताबाद आणि खडकी

विद्यार्थी मित्रहो, दौलताबादचा किल्ला आपण सहलीत पाहिला असेल. मोगल सरहद्दीवरील या किल्ल्याच्या आधाराने लढणारे मलिक अंबर हबशी देशात जन्मले व बालपणीच गुलाम म्हणून विकले गेले. एका धन्याने त्यांना शिक्षण दिले. पुढे दख्खनमध्ये ते निजामशाहीचे वजीर झाले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी गनिमी काव्याने त्यांनी राज्य टिकविले. १६१० मध्ये जवळच्या खडकी गावी शहर वसविले. जमिनीखालून नहरीचे पाणी आणले. तीच खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये ते वारले. कबर खुलताबादेस आहे.

पालकहो, त्यांचे बालपण हिरावले गेले, विद्या मात्र कोणी हिरावू शकले नाही. आपल्या मुलामुलींना तीच शिदोरी द्या.