सॅम्युएल कोल्ट आणि बंदुकीची बाजारपेठ

२०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा विषय निघाला की तेथे १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा हवाला दिला जातो. परंतु हक्क कागदावर असणे आणि वस्तू घरोघरी पोचणे यांत मोठे अंतर असते. ते तोडण्याचे काम कारखानदारांनी केले व त्यांत सॅम्युएल कोल्ट अग्रभागी होता.

कोल्टचा जन्म १८१४ साली कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. १८३० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो बोस्टनहून कलकत्त्यास जाणाऱ्या जहाजावर नोकरीस लागला आणि त्या सफरीत त्याने फिरत्या कप्प्यांच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. परतल्यावर भांडवलाची वाण होती. तेव्हा कलकत्त्याचा डॉक्टर म्हणवून घेत तो गावोगाव हसविणाऱ्या वायूचे प्रयोग करू लागला. लोकांचे कुतूहल चाळवून पैसा कसा उभा करावा, हे तो तेथे शिकला.

१८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले व न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना निघाला. परंतु शस्त्र महाग होते, गिऱ्हाईक बेताचे होते. १८४२ मध्ये कारखाना बुडाला. हक्क होता, माल होता, पण मागणी नव्हती. ती आणली मेक्सिकोच्या युद्धाने. १८४७ च्या आरंभी सरकारने एक हजार रिव्हॉल्व्हरे मागविली. कोल्टजवळ तेव्हा स्वतःचा कारखानाही नव्हता. माल दुसऱ्याच्या कारखान्यातून करवून घ्यावा लागला. पुढे १८५५ मध्ये हार्टफर्डला त्याचा भव्य कारखाना उभा राहिला. यंत्रांनी घडविलेल्या एकसारख्या सुट्या भागांमुळे उत्पादन वाढले.

वाढलेले उत्पादन खपविण्यासाठी त्याने जाहिरातीचे शास्त्रच रचले. नामांकित चित्रकाराकडून आपली शस्त्रे दाखविणारी चित्रे काढून घेतली. राजेरजवाड्यांना नक्षीदार पिस्तुले नजर केली. पेटंटची मुदत वाढवून घेण्यासाठी लोकप्रतिनिधींनाही अशा भेटी पोचल्या आणि १८५४ मध्ये प्रतिनिधिगृहाला त्याची चौकशी करावी लागली. यादवी युद्धाचे ढग जमले तेव्हा त्याने उत्तर व दक्षिण, दोघांनाही माल विकला. १८६२ च्या जानेवारीत, अवघ्या ४७ व्या वर्षी, तो वारला. त्याची मालमत्ता सुमारे दीड कोटी डॉलरची होती, असा अंदाज आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या चरित्राचा बोध स्पष्ट आहे. जी मागणी प्रयत्नाने वाढविली गेली, तिला आवरही घालता येतो. मात्र उपाय उत्पादन, विक्री आणि जाहिरात यांनाच भिडले पाहिजेत. १९३४ च्या कायद्याने यंत्रबंदुकांच्या व्यवहारावर २०० डॉलरचा जबर कर बसविला व त्या सामान्य बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. अध्यक्ष केनेडी यांची १९६३ मध्ये हत्या झाली ती टपालाने मागविलेल्या बंदुकीने. ती विक्री १९६८ च्या कायद्याने बंद केली. १९९३ मध्ये गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी आली, परंतु परवानाधारक दुकानांबाहेरील खासगी विक्री तीतून सुटली. २००५ मध्ये तर उत्पादकांनाच बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देण्यात आले.

कोल्टच्याच कनेक्टिकटमध्ये, न्यूटाउन येथील शाळेत, २०१२ साली २० मुले व ६ मोठी माणसे मारली गेली. शोकाकुल कुटुंबांनी बंदूक बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीला तिच्या जाहिरातींच्या मुद्द्यावर न्यायालयात खेचले आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. याच राज्यात १९९५ पासून पिस्तूल घेण्यापूर्वी परवाना घ्यावा लागतो; त्यानंतर तेथे बंदुकीने होणाऱ्या हत्या घटल्याचे संशोधकांना आढळले आहे. दुसरी दुरुस्ती आहे तेथेच आहे. तिला हात न लावताही बाजाराला वेसण घालता येते, याचा पुरावा कोल्टच्या जन्मभूमीनेच दिला आहे.