विष्णुशास्त्री चिपळूणकर : स्वतः लिहिणारे, स्वतः छापणारे

अद्भुत गोष्टी आवडत नाहीत असे मूल शोधूनही सापडणार नाही. रविवारी आबिड्सच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तेथे आपली मुले हॅरी पॉटरचे भाग शोधताना दिसतात. त्यांच्या आजी-आजोबांनी उडणारा गालिचा, दिव्यातला राक्षस आणि सिंदबादच्या सफरी ऐकलेल्या असतात. आपल्या हैदराबादेत या गोष्टींना ‘अलिफ लैला’ म्हणतात. त्या मराठीत आणण्याचे काम ज्या तिघांच्या हातून झाले, त्यांपैकी एकाची आज आपण ओळख करून घेणार आहोत. ते म्हणजे ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित आणि शिक्षण खात्यातील मोठे अधिकारी होते. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठी पद्यात आणले होते. १८६१च्या सुमारास त्यांनी इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणावयास घेतल्या. काम फार मोठे होते. पुढे ते विष्णुशास्त्र्यांनी चालवले आणि हरि कृष्ण दामले यांचाही त्याला हात लागला. इंग्रज ग्रंथकार डॉ. जॉन्सन यांच्या ‘रासेलस’ या गोष्टीच्या भाषांतरावरही बापलेकांची दोघांचीही नावे आहेत. अबिसीनियाचा एक राजपुत्र सुखाच्या शोधात आपले सुरक्षित खोरे सोडून जगात निघतो, अशी ती कथा आहे.

विष्णुशास्त्री कॉलेजात शिकत असतानाच, १८६८ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्याकडे ‘शालापत्रक’ या मासिकाचे काम आले. हे मासिक शिक्षण खात्याच्या आश्रयाने निघत असे आणि शाळांसाठी असे. आपल्या या वार्तापत्राचा तो एक जुना पूर्वजच म्हणायला हरकत नाही. त्यात विष्णुशास्त्र्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत कवींवर निबंध लिहिले. यांपैकी शेवटचे तिघे तर अद्भुतकथांचेच लेखक! बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त एक पोपट राजाला गोष्ट सांगू लागतो आणि ती गोष्ट दोन-तीन जन्म ओलांडत पुढे जाते. सुबंधूच्या ‘वासवदत्ते’त नायिकेचा दगड होतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त दहा तरुण देशोदेशी भटकून आपापले पराक्रम सांगतात. आज आपण ज्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याचे नाव बाणाच्या त्या ग्रंथावरूनच आले आहे. योगायोग असा, की बाणभट्टाचा हा ग्रंथही अपुरा राहिला होता आणि त्याच्या मुलाने तो पुरा केला.

म्हणजे मुलांना चांगल्या अद्भुतकथांची वाट दाखवण्याचे काम मराठीत दीडशे वर्षांपूर्वी एका शालेय मासिकातून चालले होते. पण ते मासिक सरकारच्या पैशावर चालणारे. त्यातून सरकारी धोरणावर टीका होऊ लागली आणि १८७५ साली सरकारने ते बंद करून टाकले. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा धडा विष्णुशास्त्र्यांना तरुणपणीच मिळाला.

त्याआधीच त्यांनी दुसरी तयारी केली होती. १८७२ साली ते डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, शिक्षक झाले आणि जानेवारी १८७४मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे स्वतःचे मासिक सुरू केले. इंग्रजी शिकलेल्या माणसाने मराठीत लिहिणे हे त्या काळी कमीपणाचे वाटत असे. विष्णुशास्त्र्यांनी पहिलाच विषय घेतला तो मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीचा. त्यानंतर इतिहास, ग्रंथांवरील टीका, विद्वत्ता आणि कवित्व, डॉ. जॉन्सनचे चरित्र असे नाना विषय आले. १८८१पर्यंत मालेचे ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ सगळे एकट्या त्यांच्या लेखणीतून उतरले. विषय कोणता घ्यावा, किती लिहावे, कोणाविषयी काय लिहावे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

हे सारे सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून चालले होते. वडील १८७८ साली वारले. त्याच सुमारास विष्णुशास्त्र्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली. मालेतील लेखनावर वरिष्ठ नाराज होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पालकांनी जरा कल्पना करून पाहावी. वडिलांचा आधार गेलेला, घरचा प्रपंच, हातात कायमची सरकारी नोकरी, आणि पुढे मोठा पगार मिळण्याची शक्यता. तरीही १८७९ साली त्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला.

पुढची तीन वर्षे हा माणूस किती कामे करत होता हे पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. जुनी काव्ये आणि ऐतिहासिक कागद छापणारे ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या जोडीने १८७८मध्येच सुरू झाले होते. देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे छापणारी चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि पुस्तके विकण्यासाठी किताबखाना, या तिन्ही गोष्टी त्यांनी उभ्या केल्या. लिहिणारे आपण, छापणारे आपण आणि विकणारेही आपणच! जानेवारी १८८०मध्ये बाळ गंगाधर टिळकांना बरोबर घेऊन त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली. माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर हेही या मंडळीत आले. १८८१च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे निघाली. दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात उभे राहावे लागत असते, तर हे धाडस इतक्या लवकर करता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

मात्र या चरित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. लेखणीवर कोणाचा लगाम नसला म्हणजे ती भरकटूही शकते. ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्र्यांनी महात्मा जोतीराव फुले, लोकहितवादी आणि स्वामी दयानंद यांच्यावर अत्यंत बोचरी टीका केली. फुल्यांच्या लेखनातील व्याकरणाच्या चुका आणि भाषा यांची त्यांनी टर उडवली. पण शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शाळा का मिळत नाही, हा जो फुल्यांचा खरा प्रश्न होता, त्याला त्यांनी उत्तर दिले नाही. काळाने या वादात फुल्यांच्या बाजूने कौल दिला, हे आज आपण जाणतोच. गंमत अशी, की ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली फुल्यांनीही स्वतःच प्रसिद्ध केले होते. मतांनी इतके दूर असलेले हे दोन पुणेकर एका बाबतीत मात्र सारखे होते. आपले म्हणणे लोकांपर्यंत नेण्यासाठी दोघेही कोणाच्या परवानगीची वाट पाहत थांबले नाहीत.

१७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. बत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा अखेरचा मोठा निबंध. इंग्रज सरकारने पुढे त्यावर बंदी घातली आणि ती १९३७ साली उठली. शाळेच्या मंडळींनी १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन केले. ते पाहायला विष्णुशास्त्री नव्हते.

आता थोडे आजच्याविषयी. आज पुस्तक काढायला छापखाना विकत घ्यावा लागत नाही. संगणकावर लिहिलेली गोष्ट ई-पुस्तक म्हणून एका संध्याकाळी जगापुढे ठेवता येते आणि मागणीप्रमाणे दहा-वीस प्रतीही छापून मिळतात. आपल्यातील काही मुले-मुली राक्षस, जादूगार आणि परग्रहावरील माणसे यांच्या गोष्टी वह्यांत लिहीत असतात. आंध्र-तेलंगणात वाढलेल्या मराठी मुलाची गोष्ट पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला आपलीशी वाटेलच असे नाही. अशा मुलाने ती स्वतः प्रसिद्ध करावी, यात कमीपणा मुळीच नाही. मराठी गद्याला वळण लावणाऱ्या माणसाने तेच केले होते.

परंतु प्रकाशक नसला म्हणजे त्याची कामे नाहीशी होत नाहीत, ती आपल्याच अंगावर येतात. शुद्धलेखन तपासणे, पाने मोजणे, पैशाचा हिशेब ठेवणे ही कामे दिसतात तरी. सर्वांत कठीण काम दिसत नाही. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर छापण्याआधी कोणीतरी थांबवावा लागतो. विष्णुशास्त्र्यांपाशी विद्वत्ता होती, कष्टाची तयारी होती, छापखानाही होता. असा थांबवणारा मात्र नव्हता. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की वर्गाचे हस्तलिखित असो की स्वतःचे पुस्तक, ते बाहेर पडण्यापूर्वी आपल्याशी सहमत नसलेल्या एका तरी माणसाला वाचायला द्यावे आणि त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.

आणि लिहिण्याआधी भरपूर वाचावे. अरबी गोष्टी आणि बाणाच्या ‘कादंबरी’चा मराठी कथासार यांपासून सुरुवात करावी. नंतर नाथमाधवांची ‘वीरधवल’ घ्यावी आणि मग भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या सफरींना निघावे. पालकांनी मुलांना आपल्या शहरातील मराठी ग्रंथ संग्रहालयात एकदा अवश्य न्यावे. आबिड्सच्या बाजारातही इंग्रजी पुस्तकांच्या ढिगाखाली एखादे जुने मराठी पुस्तक हाती लागते. सुट्टीत यांतील जे पुस्तक वाचाल, त्याविषयी दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्याव्यात, ही विनंती.