फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन

ज्युबिलीच्या ह्या मंगल समयी, ज्या धर्मगुरूंनी लोकांच्या आत्म्याबरोबर त्यांच्या अन्नाचीही काळजी वाहिली, त्यांचे स्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. छोटानागपूरचे येशूसंघीय मिशनरी फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन हे अशांपैकी एक अग्रगण्य पुरुष होत. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घराण्यांत शेती हा वडिलोपार्जित व्यवसाय असल्याने त्यांचे चरित्र सर्वांस बोधप्रद वाटेल, अशी आम्हांस आशा आहे.

त्यांचा जन्म 1857 साली जर्मनीतील वालेनडॉर्फ ह्या गावी झाला. तारुण्यातच येशूसंघात प्रवेश करून ते हिंदुस्थानात आले व 1891 साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे बेल्जियन मिशनऱ्यांच्या बरोबरीने रांचीच्या दक्षिणेकडील मुंडा लोकांत, विशेषतः सरवदा येथे, त्यांनी आपले वास्तव्य केले.

मुंडा लोकांच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेते निर्माण केली होती, व तो मुलूख त्या त्या कुळाचा सामाईक मानला जाई. ह्या हक्कास खुंटकट्टी म्हणतात. परंतु बाहेरून आलेले जमीनदार व सावकार ह्यांनी हळूहळू त्या जमिनी गिळंकृत केल्या आणि मूळच्या मालकांस वेठबिगारीस जुंपले. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स ह्यांनी 1885 पासून कोर्टकचेऱ्यांत ह्या गरिबांची बाजू उचलून धरली. तोच वारसा हॉफमन ह्यांनी पुढे चालविला. त्यांनी आधी मुंडारी भाषा आत्मसात केली आणि लोकांच्या चालीरीतींचा व जमीनविषयक रिवाजांचा बारकाईने अभ्यास केला.

1899 सालच्या नाताळच्या आदल्या रात्री बिरसा मुंडा ह्यांच्या अनुयायांनी सरवदा मिशनवर बाण सोडले. ज्या लोकांसाठी झिजावे त्यांच्यापैकीच काहींनी बाण मारावा, हे दुःख थोडे नव्हे. तथापि ह्या संतापाचे मूळ हिरावलेल्या जमिनीत आहे, हे हॉफमन पूर्णपणे ओळखून होते. त्यांनी मुंडांची भूमिव्यवस्था सरकारपुढे सविस्तर मांडली. 1908 साली छोटानागपूर कुळकायदा मंजूर झाला. त्यात खुंटकट्टी हक्कांस मान्यता मिळाली व आदिवासींची जमीन परक्यांच्या हाती जाण्यास प्रतिबंध झाला. त्या कायद्याच्या घडणीत हॉफमन ह्यांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता.

इतके झाल्यावर दुसरा कोणी कृतार्थ होऊन स्वस्थ बसला असता. परंतु कायदा शेताचे रक्षण करतो, चूल पेटवीत नाही, हे ह्या धर्मगुरूस ठाऊक होते. पावसाळ्यात घरचे भात संपले, बियाणे हवे झाले किंवा बैल मेला, की शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी जाणारच. आणि सुगीचे अर्धेअधिक पीक खळ्यावरूनच परक्याच्या घरी जाणार. म्हणून 1909 साली त्यांनी रांची येथे छोटानागपूर कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी स्थापन केली. सभासदांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून थोडी थोडी शिल्लक टाकावी व त्याच भांडवलातून गरजूस माफक व्याजाने कर्ज मिळावे, अशी ही योजना होती. तिच्याच जोडीला गावोगावी धानगोले, म्हणजे धान्याच्या सामाईक कोठ्या, उभ्या राहिल्या. सुगीच्या वेळी प्रत्येकाने आपला वाटा कोठीत घालावा, अडचणीच्या महिन्यांत तेथूनच भात उसने न्यावे आणि नवे पीक येताच थोडी भर घालून ते परत करावे. ती भर सावकाराच्या घरी न जाता सर्वांच्याच कोठीत राही. अशा रीतीने जो कालपर्यंत ऋणको होता, तोच भांडवलाचा मालक झाला.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, जर्मन प्रजाजन म्हणून त्यांस हा देश सोडावा लागला. पुन्हा परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. तरीही मायदेशी राहून त्यांनी मुंडांच्या भाषेचा व जीवनाचा प्रचंड कोश, ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’, सिद्ध करण्यात आपले उर्वरित आयुष्य वेचले. 1928 साली ट्रियर येथे ते प्रभूच्या घरी गेले. कोशाचे खंड 1930 पासून प्रसिद्ध होऊ लागले. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

प्रिय वाचकहो, हॉफमन ह्यांनी गरिबांस भिक्षा घातली नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा, हे त्यांनी शिकविले. आपल्या पॅरिशमध्येही एखादे कुटुंब कर्जापायी वडिलोपार्जित वाडी विकण्याच्या बेतात असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करून आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या सामाईक कोठीत त्याच्यासाठी मूठभर धान्य आहे की नाही, ह्याचा विचार ज्युबिलीच्या वर्षी आम्ही सर्वांनी करावा, आणि तशी सद्बुद्धी परमेश्वराने आम्हांस द्यावी, हीच आमची विनंती.