जॉन ग्रिफिथ्स

जॉन ग्रिफिथ्स (१८३७ – १९१८) हे वेल्समध्ये जन्मलेले चित्रकार, कलाशिक्षक आणि मुंबईतील सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचे प्राचार्य होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आणि इमारतींच्या अलंकरणाचे शिक्षण यांसाठी ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी

लंडनमध्ये शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या सजावटीत गॉडफ्रे साइक्स यांना साहाय्य केले. वास्तू आणि तिच्यावरील कारागिरी यांचा एकत्रित विचार व्हावा, हे तेथील विचारसूत्र होते. पुढे आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स चळवळीनेही घरबांधणीत याच विचाराचा पुरस्कार केला. १८६५ मध्ये ग्रिफिथ्स मुंबईत आले. कलाशाळेत अलंकारिक चित्रकला त्यांच्याकडे, तर वास्तुशिल्प जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे होते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सजावटीचे काम कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केले.

अजिंठा

सध्याच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ही लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात, मधल्या खंडांसह, ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून नव्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील प्रमुख विद्यार्थी होत. जातककथांच्या दृश्यांबरोबरच छतांवरील फुले, फळे व प्राण्यांचे चौकटीतील नमुनेही उतरवण्यात आले. असे नमुने कलाशाळेच्या मृत्पात्रांवरही वापरले गेले.

लंडनला पाठवलेल्या या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मधील आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांनी लेण्यांवरील द्विखंडी सचित्र ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा खंड मुख्यतः अलंकरणाला वाहिलेला आहे.

मूल्यमापन

चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतिकृतीकारांनी मूळ भिंतींवर रोगण लावले. कालांतराने ते पिवळे व काळसर पडून रंग झाकोळले. १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी यांच्याकडून चित्रांचे संवर्धन करून घेतले. त्यामुळे मूळ चित्रांच्या हानीत ग्रिफिथ्स यांच्या कामाचाही वाटा मानला जातो. दुसरीकडे, नंतर झिजलेल्या वा गळून पडलेल्या भागांच्या अभ्यासासाठी त्यांच्या उरलेल्या प्रतिकृती महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत. त्या आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

ग्रिफिथ्स १८९५ मध्ये निवृत्त झाले. १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.