चांदबिबी : वारस आणि वऱ्हाड

सहलीला नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल मुलांना दाखवता ना? ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबी लढली ती खाली, भुईकोट किल्ल्यात.

ती हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं. १५८० मध्ये त्याचा खून झाल्यावर लहानग्या इब्राहिमच्या नावाने तिने तिथला कारभार पाहिला. पुढे माहेरी आली.

१५९५ मध्ये नगरचा सुलतान लढाईत पडला आणि गादीचं भांडण पेटलं. मियाँ मंजूने अहमद नावाचं पोर गादीवर बसवलं, पण ते निजामशाही घराण्यातलं नव्हतंच! चांदबिबीने सुलतानाच्या तान्ह्या मुलाची, बहादूरची बाजू घेतली. कोंडीत सापडलेल्या मंजूने चक्क मुघलांना बोलावलं. अकबराचा मुलगा मुराद आला, वेढा पडला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती चिलखत घालून खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. इथवरची गोष्ट मुलांना रंगवून सांगतो आपण. तह मात्र घाईत उरकतो. १५९६ मध्ये तिने वऱ्हाड मुघलांना दिलं आणि बहादूरची गादी राखली. वारसासाठी एवढा मुलूख सोडावा का? वर्गात विचारून बघा. मला तरी तिच्यापुढे दुसरी वाट दिसत नाही.

१६०० मध्ये मुघल परत आले. या वेळी तिचा कल बोलणी करण्याकडे होता. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. लवकरच किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं.